शेवटची दोन प्रकरणे

आज मुलीच्या शाळेतून निरोप आला की ई. बी. व्हाइट यांच्या ‘शार्लट्स वेब’ या कादंबरीची शेवटची दोन प्रकरणे वर्गात वाचली जाणार नाहीत, कारण त्यांत शार्लट ही जाळे विणणारी कोळीण मरते आणि काही पालकांच्या मते मुलांना ते सोसणार नाही. निरोप वाचल्यापासून माझा संताप आवरत नाही.

मी आठ वर्षांची असताना माझी आजी वारली. मला सांगण्यात आले की ती गावाला गेली आहे. तिचा चष्मा मात्र घरीच होता, आणि चष्म्याशिवाय तिला दिसत नाही हे ठाऊक असल्यामुळे, ती येईल तेव्हा काचा स्वच्छ असाव्यात म्हणून मी तो रोज संध्याकाळी पुसून ठेवत असे. घरातली सगळी मोठी माणसे ते पाहत होती.

१९५२ साली आलेल्या या पुस्तकात मुलांना असे कोणी फसवत नाही. विल्बर या डुकराचा जीव वाचवण्यासाठी शार्लट जाळ्यात शब्द विणते, पुढे ५१४ अंड्यांची पिशवी करते, आणि तिचे बळ संपते. विल्बर ती पिशवी तोंडात जपून घरी आणतो. जत्रा उठून गेलेल्या मैदानावर शार्लट एकटी मरते. हे एकविसावे प्रकरण. बाविसाव्यात वसंतात अंडी फुटतात, बहुतेक पिल्ले धागा सोडून वाऱ्यावर निघून जातात आणि तिघी विल्बरपाशी राहतात. मरण गाळताना आपण जन्मही गाळला, हे एकाही पालकाच्या लक्षात येऊ नये?

नुकतेच ज्याच्या घरी कोणी गेले आहे त्या मुलाला हे लगेच वाचून दाखवू नये, एवढे मी मान्य करते. पण म्हणून साऱ्या वर्गाला अर्धवट गोष्ट द्यायची? नॅटली बॅबिट यांनी १९७५ साली ‘टक एव्हरलास्टिंग’मध्ये दहा वर्षांच्या मुलीपुढे अमर करणारे पाणी ठेवले आणि ते न पिण्याचा निर्णय तिच्यावर सोपवला. मुलांवर एवढा विश्वास ठेवता येतो.

आजी परत येणार नाही हे मला कोणाच्या तरी बोलण्यातून अचानक कळले, तेव्हा दुःखाआधी लाज वाटली. विल्बरने जपले ते खरे होते. मी रोज जपत होते तो चष्मा कोणालाच नको होता. हे लिहिता लिहिता मात्र आईची आठवण येते आहे. स्वतःच्या आईचे मरण तिला तेव्हा उच्चारताच येत नसावे, आणि तिच्यावर मला आता रागावता येत नाही. त्या पालकांनाही कदाचित तेच भय असेल.

संध्याकाळी मुलीने विचारले, “मग शार्लटचे पुढे काय झाले?” पुस्तक मी घेऊन आले आहे. जेवणानंतर आम्ही एकविसावे प्रकरण वाचू, आणि झोपायला कितीही उशीर झाला तरी बाविसावेही आजच.