‘माप टेक्स्टमध्ये ठेवा’ हा सल्ला महागात पडतो

दुकानांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतोय: ‘मालाचं माप बोलतात तसं टेक्स्टमध्ये (आकडा म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून) ठेवा. क्रम लावायचा तर कोडमध्ये आकडे काढा. फारच अडलं तर सगळं मिलिमीटरमध्ये बदला आणि मूळ माप टाकून द्या.’

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून पटतं. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात प्लायवूड ‘आठ बाय चार, १९ एमएम’ असंच मागतात. लांबी-रुंदी फुटांत, जाडी मिलिमीटरमध्ये. बोलीतलं माप जपायलाच हवं. पण क्रमही त्याच्यावरच लावला की यादी येते ती १२, १९, ४, ६ अशी, कारण टेक्स्टची तुलना एकेका अक्षराने होते. अशी यादी मी एका दुकानाला दिली होती. काउंटरवरचा मुलगा ४ एमएम वरच्या ओळींत शोधत राहिला, मिळेना म्हणून ‘संपलंय’ म्हणाला, आणि गिऱ्हाईक परत गेलं. माल मागे रचलेला होता.

कोडमध्ये क्रम लावणं शंभर ओळींपुरतं ठीक. मालाची यादी डेटाबेसमधून पन्नास-पन्नास ओळींच्या पानांनी मागवली, की हाती आलेल्या पानापुरताच तो क्रम खरा.

खरा घोळ तिसऱ्या वाक्यात आहे. इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी, हे १९५९ पासून ठरलेलं आहे. त्यामुळे रूपांतराला दोष नाही. दोष दोन दशांशांवर थांबण्यात आहे. ३/१६ इंच म्हणजे ४.७६२५ मिमी. त्याचे ४.७६ केले, की परत ३/१६ हाती येत नाही. १/६४ इंच म्हणजे ०.३९६८७५, म्हणून कॉलम सहा दशांशांचा डेसिमल (दशांश नेमके जपणारा) हवा, फ्लोट (जवळपासचा आकडा ठेवणारा) नको.

शिवाय काही मापं ही मापं नसतातच, नावं असतात. अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा बाहेरचा व्यास साधारण २१.३ मिमी भरतो, त्याच्यासमोर १२.७ लिहिणं म्हणजे चुकीची नोंद. पत्र्याचा गेज, म्हणजे जाडीचा नंबर, वाढला की पत्रा पातळ होतो: एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) तक्त्यात १६ गेज १.६२६ मिमी, २० गेज ०.९१४. स्क्रूचा नंबर वाढला की मात्र स्क्रू जाड होतो. इथे गुणाकार चालत नाही, त्या-त्या मालाचा तक्ताच लागतो.

आणि मूळ माप टाकून दिलं, तर ५/१६ चा बोल्ट उरतो ७.९३७५ मिमी. कुणीतरी त्याला ८ करतो. मग एम८ चा (मेट्रिक, ८ मिमी बोल्टचा) नट त्याच्यासोबत जातो आणि आटे जुळत नाहीत.

म्हणून मी तीन कॉलम ठेवतो: बोलीतलं माप, त्याचं एकक, आणि फक्त क्रम व शोधासाठी मिलिमीटर. तिसरा कॉलम गिऱ्हाइकाच्या बिलावर कधीच छापत नाही.