खुलासा : ‘दोन दिवसांत सगळं वदवून घ्या’ हा सल्ला चुकीचा

जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरणारा संदेश सांगतो : अपघात, पूर, मारहाण यातून वाचलेल्याला दोन दिवसांत बसवून सगळं वदवून घ्या, पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर जडणारा मानसिक आजार) होणार नाही, झालाच तर कुठलंही समुपदेशन चालतं. दोन्ही चूक.

अशा एका बैठकीने आजार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो. सुरुवातीचं दचकणं, झोप उडणं बहुतेकांचं आपोआप ओसरतं. निदान होतं ते लक्षणं महिन्यापेक्षा जास्त टिकली तरच.

उपचार निवडताना थेरपिस्टला सरळ विचारा : त्या घटनेच्या आठवणीवर थेट काम करणार का? नुसता धीर पुरत नाही. प्रोलाँग्ड एक्स्पोजर या उपचारात साधारण ८ ते १५ बैठका, बहुधा ९० मिनिटांच्या. आठवण क्रमाने सांगायची, तिचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं, टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने जायचं. महामार्गावर अपघात झाला असेल, तर आधी कडेला सुरक्षित जागी उभं राहायचं, मग दुसऱ्याच्या मागे बसून थोडं अंतर, शेवटी स्वतः गाडी. भीती वाढली की लगेच घरी पळायचं, असं झालं तर ती पक्की होते. गाडं बहुधा इथेच अडतं. ‘चूक माझीच’ हा सल मोठा असेल तर सुमारे १२ बैठकांची कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (घटनेबद्दलचे असे विचार तपासून बदलणारा उपचार) बघा. ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत त्या आठवणीवर काम करणारी थेरपी) हीसुद्धा चालते.

अहिराणीतच मोकळं बोलता येत असेल तर तसं पहिल्याच भेटीत सांगा. डायझेपामसारख्या मन शांत करणाऱ्या गोळ्या हा यावरचा इलाज नाही, सवय मात्र लागते. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर थांबू नका : टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन), १४४१६, मोफत, २४ तास.