गच्चीवर सोलर: सोसायटीनं 'नाही' म्हणू नये, नियम लिहावा

सांगली-मिरज असो की कराड-सातारा, सोसायटीत सोलरचा अर्ज आला की कमिटी एकतर "गच्ची सामाईक आहे, जमणार नाही" म्हणते, नाहीतर "लावा काय लावायचं ते" म्हणून मोकळी होते. माझं स्पष्ट मत आहे की दुसरं उत्तर जास्त घातक. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतात. पहिला सभासद चांगली जागा धरून बसला की बाकीच्यांच्या वाट्याचं ऊन तेवढा काळ गेलं.

समजा 12 फ्लॅट, 2,400 चौरस फूट गच्ची. टाक्या, लिफ्टची खोली, त्यांची सावली आणि चालायची वाट वजा केली की निम्मीच जागा कामाची उरते. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट लागतात, म्हणजे अख्ख्या इमारतीला 12 किलोवॅट. एकट्यानं 3 किलोवॅट बसवले की तीन घरांचा वाटा गेला.

म्हणून आधी सामाईक मीटर. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यासाठी पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. 5 किलोवॅटला 90,000 होतात, आणि मेंटेनन्स कमी होण्याचा फायदा तळमजल्यालाही मिळतो. उरलेली जागा फ्लॅटप्रमाणे वाटावी. ज्याला नको, त्यानं आपला वाटा मुदत घालून, लेखी करारानं दुसऱ्याला द्यावा. फ्लॅट विकला तर पॅनेलचं काय, हेही त्याच करारात यावं.

वाटप करताना टाकीच्या उत्तरेची जागा कुणाच्या गळ्यात मारू नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, सावली उत्तरेला लांब पडते, आणि एका पॅनेलवरच्या सावलीनं पूर्ण स्ट्रिंगचं, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेचं, उत्पादन घटतं.

खरी भांडणं गळतीवरून होतात. अँकर बोल्ट मारायला ड्रिल चालवलं की ब्रिकबॅट कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वॉटरप्रूफिंग फुटतं. बोल्ट नुसत्या कोब्यात अडकला असेल तर वाऱ्यालाही तो धरत नाही. साताऱ्याकडचा पावसाळी वारा सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा नियमात ड्रिलिंगला बंदी आणि कोब्यावर काँक्रीटचे पेडेस्टल, म्हणजे वजनाचे ठोकळे, एवढं तरी हवंच. एक फुटी ठोकळा 65-70 किलोचा होतो. ते किती आणि कुठे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं लिहून द्यावं. खाली कपडे वाळवता यावेत म्हणून स्ट्रक्चर सात-आठ फूट उचलायचं असेल तर इंजिनिअरचा दाखला सक्तीचा करा, कारण उंची वाढली की वाऱ्याचा ताण वाढतो.

काम सुरू होण्याआधी गच्चीवर दोन इंच पाणी 48 तास साठवून खालच्या छताचे फोटो काढावेत, काम झाल्यावर पुन्हा तसंच करावं. एवढं केलं तर ओल जुनी की नवी हा वाद उरत नाही. वॉटरप्रूफिंग मात्र आठ-दहा वर्षांनी पुन्हा करावंच लागतं. तेव्हा पॅनेल उतरवायचा आणि चढवायचा खर्च पॅनेलवाल्याचा, हे आजच लिहा. बहुतेक एनओसीत नेमकं हेच नसतं.

कृष्णाकाठच्या इमारतींनी इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारं यंत्र) पार्किंगमध्ये लावूच देऊ नये. 2019 आणि 2021 चा पूर आठवा. गच्चीलगतच्या जिन्यात, सावलीत, हवा खेळेल अशी जागा ठरवा. डीसी, एसी आणि पडणारी वीज जमिनीत नेणारा वीजरोधक, तिन्हींचं अर्थिंग वेगळं. उसाच्या हंगामात काजळी बसते, त्यामुळे गच्चीवर धुण्यासाठी नळ हवा आणि दोन रांगांत माणूस जाईल एवढी वाट हवी.

आणि सभासदांना आधीच सांगा: लाइट गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, सोलरही बंद पडतं, लिफ्ट त्यावर चालणार नाही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती व्यवस्था आहे.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस 14 दिवस आधी निघते. ऑगस्टमध्येच नियमांचा मसुदा जोडून विषय लेखी द्या आणि सचिवांकडून पोच घ्या.