‘वाण बदलतात, प्रजाती बदलत नाही’ या दाव्याविषयी

सध्या एक संदेश पुष्कळ फिरतो आहे. कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल इतके निराळे दिसूनही एकाच प्रजातीचे आहेत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या निवड करूनही वाणच बदलले. नवी प्रजाती जन्मताना कोणी पाहिलेली नाही आणि दोन प्रजातींचा संकर वांझ असल्याने ती जन्मूही शकत नाही, असे त्यात म्हटले आहे. यातले पहिले निरीक्षण खरे आहे, आणि म्हणूनच त्यावरून काढलेला चुकीचा निष्कर्ष चटकन पटतो.

शेतकऱ्यांनी एका ओळीत (म्हणजे वंशात) गड्डा, दुसरीत फुलोरा, तिसरीत खोड निवडत नेले, म्हणून या भाज्या वेगळ्या दिसतात. त्यांच्यातली परागांची देवघेव मात्र कधी थांबलेली नाही. मधमाश्या एकीचे पराग दुसरीवर नेतात आणि त्यातून धरलेले बी रुजते, म्हणून तर बीजोत्पादन करताना कोबी आणि फ्लॉवरच्या शेतांत मोठे अंतर राखावे लागते. रूप किती बदलले यापेक्षा जनुकांची देवघेव बंद पडली का, यावर प्रजातीचे वेगळेपण मुख्यतः ठरते. जिथे ती चालूच आहे तिथले उदाहरण देऊन ती कुठेच बंद पडत नाही, असे कसे म्हणता येईल?

ही देवघेव अर्धवट तुटलेली पाहायची तर भाताकडे पाहावे. माझ्या मते याहून बोलके पीक नाही. आपल्याकडचे बहुतेक भात इंडिका गटातले, तर जपान-कोरियातले जॅपोनिका गटातले. दोन्ही गट एकाच प्रजातीत मोडतात आणि कोबी-फ्लॉवरपेक्षा कितीतरी अधिक सारखे दिसतात, तरीही त्यांच्या संकरात पुष्कळदा पराग किंवा बीजांडे निकामी होतात आणि लोंबीत पोचट दाणे भरतात. १९५०च्या दशकात कटकच्या भात संशोधन संस्थेत असे संकर मोठ्या प्रमाणावर करण्यात आले, पण त्यांतून एडीटी-२७ आणि मसुरीसारखे मोजकेच वाण शेतात टिकले. दूर राहिलेल्या दोन ओळींत जनुके वेगवेगळी बदलतात. प्रत्येक बदल आपापल्या ओळीत निर्धोक असतो, पण दोन्ही एका रोपात आले की बिघाड होतो.

संकर वांझ असतो हे पुष्कळदा खरे, पण गुणसूत्रे दुप्पट झाली की त्यांना जोड्या मिळतात आणि वांझपण जाते. युरोपातून अमेरिकेच्या वॉशिंग्टन आणि आयडाहो राज्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोहोचलेल्या ट्रॅगोपोगॉन या रानफुलाच्या तीन प्रजातींत प्रत्येकी १२ गुणसूत्रे होती. त्यांच्या संकरांतून २४ गुणसूत्रांच्या, बी धरणाऱ्या दोन नव्या प्रजाती निपजल्या, ज्यांचे वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ मॅरियन ओनबी यांनी १९५० मध्ये केले. आपल्या फोडणीतली मोहरीही अशीच, सलगमाच्या प्रजातीची २० आणि काळ्या मोहरीची १६ मिळून ३६ गुणसूत्रांची. हा संकर प्रयोगशाळेत पुन्हा घडवता येतो.

हे सारे अचानक घडलेले अपवाद आहेत, असा आक्षेप उरतो. पण प्रजाती हळूहळूही वेगळ्या होतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील लॉर्ड हॉव या छोट्या बेटावर हॉविया ताडाच्या दोन सख्ख्या प्रजाती आहेत, आणि त्या तिथेच वेगळ्या झाल्याचा पुरावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एक प्रामुख्याने चुनखडीच्या मातीत वाढते, दुसरी ज्वालामुखीजन्य मातीत. त्यांच्या फुलण्याचा भर काही आठवड्यांच्या फरकाने येतो, त्यामुळे जवळजवळ उभ्या असूनही एकीचे पराग दुसरीच्या फुलावर योग्य वेळी क्वचितच पोहोचतात.