नुसती ताकद पुरत नाही
एका लेखात म्हटलंय की क्रिटेरियमला, म्हणजे छोट्या बंद लूपवर फेऱ्या मारायच्या सायकल शर्यतीला, पायात दम असला की झालं, मला नाही पटत हे. एक-दीड किलोमीटरचा लूप, सारखी वळणं, आणि तुम्ही घोळक्याच्या शेपटीला असाल तर पुढच्यांनी जरा ब्रेक दाबला की मागे तुम्ही जवळपास थांबताच, मग गॅप भरायला परत स्प्रिंट, असं 40 मिनिटं केलं की कुणाचेही पाय संपणारच. पहिल्या दहा-पंधरात राहा, तेच वळण आरामात निघतं. आणि वळताना आतला पॅडल वर ठेवा हो, माझा एकदा रस्त्याला घासला, खर्रकन आवाज आला आणि मागचं चाक उडालंच, अजून आठवतं. नजर पुढच्याच्या चाकावर नको, वळण संपतं तिकडे हवी.