शंका म्हणे! भावना म्हणे!

फ्रेंच सबजंक्टिव्हची, म्हणजे आपल्या विध्यर्थासारख्या क्रियापदाच्या प्रकाराची, रूपं पाठ करायला माझी ना नाही. 'इल'च्या, म्हणजे 'तो'च्या, अनेकवचनाचं वर्तमानकाळी रूप घ्या, शेवटचं 'ईएनटी' उडवा, नवे प्रत्यय लावा. काही हट्टी क्रियापदं आहेत, फास, साश, प्युईस, आय वगैरे, ती घोकावी लागतात. घोकू. बे एक बे म्हणत मोठे झालेले लोक आपण. माझं डोकं फिरतं ते हा प्रकार कधी वापरायचा हे सांगताना ज्या थापा मारल्या जातात त्यांनी.

"शंका, इच्छा, भावना असेल तिथे सबजंक्टिव्ह. खात्री असेल तिथे साधा वर्तमान." क्लासमध्ये हेच, पुस्तकात हेच, यूट्यूबवरच्या हसऱ्या बाईंच्या तोंडी हेच. ऐकताना वाटतं, अरे वा, किती तर्कशुद्ध भाषा!

मग 'एस्पेरे' येतं. म्हणजे आशा करणे. तू येशील अशी आशा आहे: 'जेस्पेर क त्यु व्हियाँद्रा'. साधा भविष्यकाळ! सबजंक्टिव्हचा पत्ता नाही. का हो, आशेत शंका नसते? इच्छा नसते? भावना तरी? तिन्ही खाती भरलेली आहेत, तरी नाही. आणि 'सुएते' घ्या, म्हणजे तू यावंस अशी इच्छा करणे, की लगेच 'क त्यु व्हियेन', सबजंक्टिव्ह हजर. स्पॅनिश आणि इटालियन या सख्ख्या बहिणी आशेला मुकाट्याने सबजंक्टिव्ह देतात. हिलाच काय झालंय? क्लासमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "फ्रेंच लोक आशावादी असतात, त्यांना आशेत खात्री वाटते." कुठले आशावादी? दर वर्षी संपावर जाणारे लोक ते!

पुढे 'बियाँ क'. म्हणजे 'असलं तरी'. 'बियाँ किल प्लव', पाऊस पडत असला तरी. इथे सबजंक्टिव्ह सक्तीचा. मी खिडकीत उभी आहे, पाऊस धो धो कोसळतोय, वाळत घातलेले कपडे पुन्हा ओले झालेत, आणि व्याकरण मला सांगतंय की इथे शंकेला जागा आहे. कुठे आहे? दाखवा! तसंच 'तू इथे आहेस याचा आनंद आहे', तिथेही 'त्यु स्वा'. माणूस समोर बसून माझाच चहा पितोय. हां, हां, भावना. मग आशा ही काय बँकेची ठेव आहे?

'पोसिब्ल' म्हणजे शक्य, त्याला सबजंक्टिव्ह. 'प्रोबाब्ल' म्हणजे संभाव्य, त्याला साधा. शक्यता नक्की कुठवर चढली की सबजंक्टिव्ह गळून पडतो, हे कोणी सांगेल का? त्याहून कहर म्हणजे 'इल सांब्ल क', असं दिसतं, इथे बहुतेक पुस्तकं सबजंक्टिव्ह सांगतात. पण मध्ये इवलासा 'म' टाकून 'इल म सांब्ल क', मला असं दिसतं, असं केलं की साधा वर्तमान! म्हणजे जगाला दिसलं तर शंका आणि मला दिसलं तर खात्री. एवढा आत्मविश्वास मला माझ्या स्वतःच्या आधार कार्डावरच्या फोटोबद्दलही नाही.

सरळ सांगा ना, की ही यादी आहे. अमुक शब्दांनंतर येतो, तमुकनंतर येत नाही, अर्थाशी संबंध कधी जुळतो, कधी नाही, पाठ करा. मी पाठ करीन. पण थोतांड तत्त्वज्ञान सांगून, त्यावर माझ्याकडून विचार करून घेऊन, वर "चूक!" म्हणू नका.

बरं, एवढं करून ते रूप ऐकू तरी यावं? फ्रेंचमधली बहुसंख्य क्रियापदं शेवटी 'ईआर'वाली. त्यांची 'ज' (मी), 'त्यु' (तू), 'इल' आणि 'इल'चं अनेकवचन, सगळी रूपं साध्या वर्तमानासारखीच, अक्षर न् अक्षर. फरक पडतो तो 'नू' (आम्ही) आणि 'व्हू'ला (तुम्ही), आणि तिथे ती अपूर्ण भूतकाळाशी जुळी निघतात. त्यात बोलताना लोक 'नू' सोडून 'ऑं' म्हणतात, आणि त्याला 'इल'चंच रूप लागतं. उरलं काय? उलट 'असणे' आणि 'जवळ असणे' यांचा तमाशा बघा. 'त्यु ए', तू आहेस. 'क त्यु ए', तुझ्याजवळ असावं. तोच 'ए'! लिहिताना एकाला 'ईएस', दुसऱ्याला 'एआयईएस'. 'इल'ला मात्र 'एआयटी', कारण महाराजांची मर्जी. 'एत्युदिए'चं, म्हणजे अभ्यास करणेचं, 'नू'चं रूप लिहिताना दोन 'आय' शेजारीशेजारी उभे करायचे, तसं करताना हात कचरतो, आणि नेमकं तेच बरोबर असतं. पण 'असणे' आणि 'जवळ असणे' यांची 'नू'ची रूपं, 'स्वायों' आणि 'एयों', लिहिताना सवयीने जादा 'आय' घातला की गेला मार्क.

आणि हे सगळं आपल्याला शिकवतात इंग्रजीतून! ज्या भाषेत सबजंक्टिव्ह जवळजवळ मेलाय, तिच्यातून. इंग्रजीत 'मला जायचंय' आणि 'त्याने जावं असं मला वाटतं' या दोन्ही वाक्यांची रचना सारखीच असते, म्हणून अर्धा वर्ग 'मला वाटतं की मी जावं' छाप फ्रेंच वाक्यं लिहीत बसतो. मराठीत बघा: स्वतःसाठी 'जायचंय', दुसऱ्यासाठी 'जावं'. फ्रेंचमध्ये अगदी हेच! कर्ता एकच असेल तर 'पार्तिर', वेगळा असेल तर 'किल पार्त'. आपला विध्यर्थ शाळेत शिकलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळलं असतं. पण नाही. पुण्यात बसून, मराठी मुलांना, मराठी बाई, इंग्रजीतून समजावणार. विध्यर्थ सगळीकडे पुरत नाही, मान्य. 'तू आलास याचा आनंद झाला' इथे आपण काही 'यावास' म्हणत नाही. पण निम्मी वाट तरी सोपी झाली असती.

आम्ही काही बोदलेअरच्या कवितांसाठी फ्रेंच शिकत नाही आहोत, हेही एकदा बोलून टाकते. 2023 पासून कॅनडाने एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे तिथे स्थायिक व्हायच्या अर्जांच्या योजनेत, फ्रेंच येणाऱ्यांच्या वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या. त्यासाठी वाचणे, लिहिणे, ऐकणे, बोलणे या चारही बाबतींत सातवी पातळी लागते. आमची शनिवार-रविवारची बॅच अशाच लोकांनी भरलीय. दिवसभर कोड लिहायचा आणि रात्री 'आव्हाँ किल न पार्त' वाचायचं. तो जाण्याआधी. त्यातला 'न' नकाराचा नाही बरं का! त्याला अर्थच नाही. नसला तरी चालतो. शोभेसाठी ठेवलाय.

'आव्हाँ क'ला, म्हणजे 'आधी'ला, सबजंक्टिव्ह. 'आप्रे क'ला, म्हणजे 'नंतर'ला, साधा, कारण गोष्ट घडून गेलेली असते. चला, एकदाचा तर्क सापडला म्हणून मी आनंदले, तर कळलं की खुद्द फ्रेंच माणसंच 'आप्रे क'नंतर सर्रास सबजंक्टिव्ह लावतात, आणि 1635 पासून भाषेवर डोळे वटारून बसलेली आकादेमी फ्राँसेझ त्यांना चूक म्हणते. म्हणजे रस्त्यावर ऐकलेलं लिहावं तर परीक्षक कापणार, आणि पुस्तकातलं बोलावं तर पॅरिसचा माणूस भुवया उंचावणार.

आता मी दोन्ही सोडलेत. 'तो गेल्यानंतर'ला सरळ 'आप्रे सों देपार', 'तो जाण्याआधी'ला 'आव्हाँ सों देपार'. त्याच्या जाण्यानंतर, त्याच्या जाण्याआधी. ना 'क', ना 'न', ना सबजंक्टिव्ह. मागच्या सरावपेपरात मॅडमनी या वाक्याच्या बाजूला लिहिलं होतं, "सुंदर शैली!"