‘इव्हेंट’ या शब्दाबद्दल, एका निनावी वाचकास

हमालांची संघटना, हमाल पंचायत, उभी करणाऱ्या बाबा आढावांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘एक जुना कार्यकर्ता’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. काही दडवलं असं व्हायला नको, म्हणून ती आधी जशीच्या तशी देतो:

‘कष्टाची भाकर १९७४ साली सुरू झाली, १९७६ नव्हे. बाबा गेले आणि तुमचा इव्हेंट सुरू झाला. दर आठ तारखेला दहा जणांनी जमायचं, फुल्यांचा अखंड म्हणायचा, फोटो टाकायचे, याला चळवळ म्हणत नाहीत. पुण्यात पाठीवर डबा घेऊन ॲपवाल्यांची हजारो पोरं पळतायत. त्यांना ना मंडळ, ना लेव्ही. राजस्थानने २०२३ साली त्यांच्यासाठी कायदा केला, कर्नाटकाने २०२५ साली. तुम्ही एकदा तरी त्यांच्याशी बोललात का? तुमच्या दहा जणांत तिशीच्या आतलं कोण आहे? बाई आहे का एखादी? बाबा असते तर आज कुठे उभे राहिले असते, हे स्वतःला विचारा.’

उत्तर प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं लिहितोय.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. कष्टाची भाकर, म्हणजे हमाल पंचायतीची स्वस्त जेवणाची केंद्रं, १९७४चीच. रात्री साडेअकराला लिहीत बसलो होतो, चार म्हणायच्या जागी सहा पडला. चूक झाली की मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. बाकीच्या मजकुरातही असंच काही शिकण्यासारखं असतं तर बरं झालं असतं.

आता सुराबद्दल. कार्यकर्ता म्हणवता, तोही जुना, आणि खाली नाव नाही. चळवळीत आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात कळतं की पत्रकाखाली सही लागते. बिनसहीचं पत्रक पोलीसही गांभीर्याने घेत नाहीत. मी माझ्या नावाने लिहितो, फोटोत माझं तोंड दिसतं, शिव्या द्यायच्या तर कुठे द्यायच्या हे लोकांना ठाऊक असतं. तुम्ही मात्र पडद्याआडून खडा मारणार आणि वर मलाच हिंमत शिकवणार. असो.

‘बाबा गेले आणि तुमचा इव्हेंट सुरू झाला.’ या एका वाक्याने माझी दोन रात्री झोप गेली, हे सांगायला लाज वाटत नाही. बायको म्हणाली, सोडून द्या, कुणीतरी रिकामटेकडा असेल. मला सोडवेना.

इव्हेंट म्हणजे काय ते या शहरात राहणाऱ्याला सांगायला नको. चौकात फ्लेक्स, त्यावर दिवंगताच्या फोटोपेक्षा मोठे हात जोडलेले फोटो. मंडप, सूत्रसंचालिका, शाल, श्रीफळ, मानचिन्ह. पाहुणे दीड तास उशिरा येतात आणि बोलून झालं की पुढच्या कार्यक्रमाला पळतात. आमच्याकडे यातलं काय आहे? एक सतरंजी, तिला एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेलं आहे. चहाचा एक थर्मास. कागदांची प्लास्टिकची फाइल. आणि एक ओला फडका.

फडका कशाला, ते सांगतो. मार्केट यार्डातल्या ज्यांची माथाडी मंडळात, म्हणजे हमालांच्या कायद्याने नेमलेल्या मंडळात, नोंद आहे त्यांची गोष्ट वेगळी. पण टेम्पोवरचे मदतनीस, बदलीवर येणारे, सांडलेलं धान्य झाडून गोळा करणाऱ्या बायका, यांचं नाव कुठल्याच वहीत नसतं. निदान ई-श्रमचं, असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं, कार्ड तरी हातात पडावं म्हणून आम्ही दर आठ तारखेला बसतो. मोबाइल आधारला जोडलेला असला तर प्रश्न नाही, ओटीपी येतो. पण बहुतेकांचा जुना नंबर कधीच बंद पडलेला असतो. मग बोटाचा ठसा. आणि ठसा उमटत नाही! तीस वर्षं गोण्या ओढलेल्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नसतात. यंत्र लाल दिवा दाखवतं. मग ओल्या फडक्याने अंगठा पुसायचा, केसांवरून फिरवून जरा तेल लावायचं, पुन्हा टेकवायचा. हा नाही तर डाव्या हाताचा. मागच्या महिन्यात एका मावशींची दहाही बोटं लावून पाहिली. एकही लागलं नाही. ‘माझं बोटसुद्धा माझं न्हाई व्हय?’ म्हणाल्या आणि हसल्या. आणखी एक काका रांगेत दीड तास थांबले आणि आधार कार्डावर वय निघालं ६१. ई-श्रमची मर्यादा ५९. त्यांना परत पाठवायचं काम माझ्याकडे होतं.

याला इव्हेंट म्हणता?

अखंड, म्हणजे जोतिबा फुल्यांची अभंगासारखी रचना, म्हणतो, हो. सुरुवातीला उभं राहून म्हणतो, सगळ्यांच्या बेसूर आवाजात. बाबांच्या सभेत म्हटला जायचा, म्हणून म्हणतो. पाच मिनिटं लागत नाहीत त्याला. तेवढीच पाच मिनिटं तुम्हाला दिसली.

मी कोण, असंही तुम्ही आडून विचारलंच आहे, तर सांगतो. माझे वडील हमाल होते. बाजार गुलटेकडीला जायच्या आधी नाना पेठेत भुसाराची पोती उचलायचे. तेव्हाचं पोतं म्हणजे क्विंटलभर, कधी त्याहूनही जड. आमच्या दाराच्या मागे खिळ्याला त्यांचा हूक टांगलेला असायचा, लाकडी मुठीचा. मूठ घामाने काळी, गुळगुळीत झालेली. आम्हा भावंडांना त्याला हात लावायची बंदी होती. मानेखाली, दोन खांद्यांच्या मधोमध त्यांना लिंबाएवढं आवाळू होतं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांना ते असतं.

नाना पेठेत डॉक्टर आढावांचा दवाखाना होता. हमाल कंबर धरून यायचे, पाठ धरून यायचे. या दुखण्यावर काढा चालत नाही, ओझंच कमी करावं लागतं, हे त्या दवाखान्यात बसून कळलं, म्हणून हमाल पंचायत झाली. १९६९ साली माथाडी कायदा झाला, तोही काही वरून पडला नाही. पोतं पन्नास किलोवर यायला त्यानंतरही कितीतरी वर्षं भांडावं लागलं. माझे वडील त्या दवाखान्याच्या बाकावर बसलेले आहेत. एका व्यापाऱ्याने आठवड्याची हमाली बुडवली तेव्हा पंचायतीच्या माणसांबरोबर त्याच्या गाळ्यासमोर ठाण मांडून बसलेले आहेत. कष्टाची भाकरच्या झुणक्यावर मी कॉलेजची तीन वर्षं काढली. तुमचे वडील कुठे बसले होते त्या वेळी?

हे विचारायला नको होतं खरं तर. पण लिहिलंय, तर राहू दे.

बाबा माझ्याशी फार बोलले असं मी कधीच म्हटलेलं नाही. शिबिरात सतरंजीवर मागे बसून ऐकणाऱ्यांपैकी मी. पण गुरू व्हायला समोरासमोर बसावं लागतं, असं कुठे आहे? नोव्हेंबर २०२४मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते फुलेवाड्यात निवडणुकीच्या प्रश्नावर आत्मक्लेश करायला बसले, तेव्हा मी दोन दिवस जाऊन बसलो होतो. अंगात स्वेटर, गुडघ्यावर शाल, भेटायला येणाऱ्यांची रांग. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘म्हाताऱ्याचा स्टंट’. तेव्हाचा ‘स्टंट’ आणि तुमचा ‘इव्हेंट’ यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्ही शब्द घरी बसून लिहिलेले.

आणि हिशेब कसला मागताय, तोही चार महिन्यांत? बाबा गेले डिसेंबर २०२५मध्ये. आम्ही बसायला लागलो जानेवारीपासून. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला जुलै १९७८मध्ये आणि नाव बदललं जानेवारी १९९४मध्ये. साडेपंधरा वर्षं, एका नावासाठी! मध्ये घरं जळाली, माणसं गेली. जयपूरच्या हायकोर्टाच्या आवारातला मनूचा पुतळा हटवा म्हणून बाबा राजस्थानपर्यंत गेले. तो पुतळा आजही तिथेच आहे. तुमच्या मापाने मोजायचं तर तोही इव्हेंटच म्हणायचा. १९७२च्या दुष्काळात ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत ते गावोगाव हिंडले. तुमच्या गावात दलितांना याच विहिरीवर पाणी भरता येतं का, एवढाच प्रश्न. तो विचारायला जाताना मागे किती माणसं आहेत हे मोजत बसले असते तर एकाही विहिरीपर्यंत पोचले नसते. आम्ही दहा आहोत. मागच्या वेळी सात होतो, लग्नसराई होती.

फोटोंचं म्हणाल तर तीन टाकले. एकात मी मधोमध आलोय, तो दुसऱ्याने काढलाय.

बाकीचे मुद्दे थोडक्यात.

डिलिव्हरीवाल्या पोरांचं. विषय मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. ज्याला मालक एक नाही, आज या गाळ्यावर तर उद्या त्या, त्याच्या मजुरीची जबाबदारी कुणावर, या प्रश्नावर माथाडी मंडळ हे उत्तर निघालं. मजुरीवर व्यापाऱ्याने लेव्ही भरायची, मंडळाने त्यातून फंड, बोनस, ग्रॅच्युइटी बघायची. राजस्थानच्या कायद्यात प्रत्येक ऑर्डरमागे शुल्क घ्यायची जी कल्पना आहे तिचं मूळ आमच्याच हमालांच्या कायद्यात आहे. म्हणजे हे तुम्ही मला शिकवायची गरज नाही. मी बोललोय त्या पोरांशी. एकदा. हॉटेलाबाहेर सात-आठ जण गाड्यांवर बसले होते, मी माथाडी कायदा सांगायला सुरुवात केली. पहिला ऐकत होता, चांगला ऐकत होता. ‘काका, म्हणजे आमच्यासाठी पण असं होऊ शकतं?’ इथपर्यंत आला. तेवढ्यात फोन वाजला, त्याने हेल्मेट घातलं आणि गेला. मग दुसऱ्याचा वाजला. दहा मिनिटांत तिथे मी एकटा. ज्यांना थांबायलाच वेळ नाही त्यांची सभा कशी घ्यायची, ते तुम्ही सांगा. हमाल निदान दुपारी गोणीवर पाठ टेकायचा.

तिशीच्या आतलं? आहेत की दोन. ठसे घेणारा मुलगा सव्वीसचा आहे. तो कार्डामागे पैसे घेतो, ते आम्ही वर्गणीतून देतो. दुसरा माझा भाचा, गाडी मोकळी असली की येतो.

बाया येतात. रांगेत अर्ध्याहून जास्त त्याच असतात. सतरंजीच्या या बाजूला नसतात, हे खरं. पण कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची १९९३ पासून स्वतःची पंचायत आहे, त्यांना आमची गरज काय? हा मुद्दा तुम्ही उगाच आणलात.

शेवटचं, ‘बाबा असते तर’. हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. माणूस गेला की ज्याला त्याला त्याच्या तोंडून बोलायची हौस येते. ज्यांनी हयातीत त्यांच्या एका मोर्च्यात पाऊल टाकलं नाही, तेही आता बाबा असते तर अमुक केलं असतं म्हणून सांगतात. बाबा नाहीत. जे करायचं ते आपण करायचं आणि आपल्या नावावर करायचं, चुकलं तर आपल्याच नावावर. आणि बाबा असते तर त्यांनी तुम्हाला असं पडद्याआडून बोलू दिलं नसतं, समोर बसवलं असतं.

तर या समोर. पुढच्या आठ तारखेला सकाळी नऊला, भुसार विभागात, नेहमीच्याच जागी. चहा मी पाजतो. वाटेत त्या हॉटेलाबाहेरची पोरं लागतात, तुम्हाला जमत असेल तर दोघांना घेऊन या. टोपणनावाने आलात तरी हरकत नाही, फॉर्मवर मात्र आधारवरचंच नाव लागतं.

ता. क. मूळ लेखात १९७६चं १९७४ केलं आहे.